चाळीस सेकंदांची नोंद

उद्याचा पेपर आज वाचायला मिळतो, याचं जागृतीला पहिले सहा महिने फार कौतुक होतं. अर्विंगमध्ये संध्याकाळचे पावणेसहा, बाहेर टेक्ससचं ऊन अजून पार्किंगमधल्या गाड्या भाजतंय, आणि तिच्या पडद्यावर विदर्भातल्या 'दैनिक पूर्वतीर'चं उद्याच्या तारखेचं पहिलं पान. तिथे पहाटेचे सव्वाचार. ज्यांच्या बातम्या, ते लोक अजून झोपलेले. घरी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणायची, "ईश्वर, उद्या काय होणारे ते मला आजच माहितीये." ईश्वर म्हणायचा, "मग उद्या ट्रॅफिक कुठं लागणार तेवढं सांग." पुढे कौतुक ओसरलं, कारण उद्याचा पेपर बहुतेक वेळा कालच्यासारखाच निघतो.

ती नोकरी करायची त्या सरकारी ब्यूरोचं काम सांगायला सोपं होतं. परदेशातले रेडिओ ऐकायचे, पेपर वाचायचे, त्यातलं अमेरिकन सरकारच्या उपयोगाचं काय ते चार ओळींत इंग्रजीत लिहायचं आणि वर पाठवायचं. वर म्हणजे नेमकं कुठे, ते विचारायचं नाही. प्रत्येक बातमीला तीनच वाटा होत्या: पाठवा, ठेवा, सोडा. मराठीच्या टेबलावर जागृती एकटी. नागपूरची मुलगी, पत्रकारितेची पदवी, लग्न करून इकडे आली, नागरिक झाली आणि चौदा महिने चौकशी झाल्यावर या खोलीत बसली. चौकशीवाल्यांनी शेजारच्या गुजराती काकूंनाही गाठून विचारलं होतं, ही बाई कशी आहे? काकू म्हणाल्या, बोलत नाही फारसं. ब्यूरोला तेच हवं होतं.

पहिल्या दिवशी सही केलेल्या कागदावर एक ओळ ठळक होती. ज्याचं ऐकता त्याच्याशी संपर्क करायचा नाही. फोन नाही, पत्र नाही, नाताळचं कार्डसुद्धा नाही. मोबाइल दाराबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, मग जाड दार, मग खोली. ऐकायला कान भरपूर, बोलायला तोंड नाही, असा तो कारभार.

तिच्या यादीत मोठमोठे पेपर होते, तसा एक अगदी चिल्लर रेडिओही होता. मोहटोला नावाच्या गावाचा. गावाजवळ मँगनीजची खाण होती, म्हणून कुणीतरी कधीतरी तो यादीत घातला. खाण बंद पडली. रेडिओ यादीत राहिला, कारण सरकारी यादीत नाव घालायला एक सही लागते आणि काढायला सात. रेडिओ म्हणजे नदीकाठच्या बुद्धविहाराला लागून असलेली एक खोली आणि त्यात शीलाताई. सुरतेला, पुण्याला कामाला गेलेल्या गावच्या पोरांसाठी तो इंटरनेटवरही लागायचा, आणि म्हणून अर्विंगलाही लागायचा.

शीलाताई पाण्याच्या टँकरची वेळ सांगायच्या, हरवलेल्या बकऱ्या सांगायच्या, धान खरेदीचा भाव सांगायच्या. दुपारी फर्माईश असायची. फोन घ्यायला काही यंत्र नव्हतं. फोन आला की शीलाताई स्वतःचा मोबाइल स्पीकरवर टाकून सरळ माइकसमोर धरायच्या, की झालं प्रसारण. तो नंबर त्या दिवसातून दहा वेळा सांगायच्या. जागृतीला स्वतःच्या आईचा नंबर पाठ नव्हता, पण हा होता. तीन वर्षं रोज ऐकलेलं माणूस म्हणजे घरचंच माणूस होऊन जातं, फक्त त्या माणसाला ते ठाऊक नसतं. यातलं काहीही जागृतीने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नरेंद्रनी लगेच टेबल बदललं असतं.

नरेंद्र संध्याकाळच्या पाळीचे प्रमुख. पुण्याचे, पंचावन्नचे, तीस वर्षं हेडफोन लावून डोक्यावर केसांत कायमची वाट पडलेली. माणूस वाईट नव्हता. पण नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की शिंकसुद्धा ते परवानगीने देत असावेत.

त्या रविवारी खोलीत तिघंच होते. जागृती, नरेंद्र आणि रेकॉर्डिंगची यंत्रं बघणारी अनिका. अनिका डॅलसमध्येच जन्मलेली, मराठी समजायची पण बोलताना अडखळायची, आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झाल्यापासून जागृतीला ऑफिसातही मावशी म्हणायची. भारतात सोमवार उजाडत होता, बुद्धपौर्णिमेचा.

जागृतीला वरून आदेश होता, की एका मंत्र्याचं भाषण आधी बघायचं. तिने इमानेइतबारे पहिल्या पानापासून तेच वाचलं. मंत्री चार पानं बोलले होते आणि काहीच म्हणाले नव्हते. त्याचा सारांश करता करता एक तास गेला. सातव्या पानावर ती आली तेव्हा सहा अठ्ठावन्न झाले होते. सातवं पान जाहीर सूचनांचं. ते न वाचताच 'सोडा'त टाकायची या खोलीत जुनी पद्धत होती. पण जागृतीचे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि असल्या सूचना लिहिण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून ती सवयीने नजर टाकायची.

डाव्या कोपऱ्यात, जमिनीच्या वादाच्या दोन नोटिशींच्या मध्ये, ती होती. सिरसघाट धरणातून खालच्या शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी सोमवारी सकाळी ठीक सहा वाजता नदीपात्रात पाणी सोडण्यात येईल. धरणावरचा भोंगा नादुरुस्त असल्याने तो वाजणार नाही. तरी नदीकाठच्या नागरिकांनी पात्रात उतरू नये. संबंधित ग्रामपंचायतींना शनिवारी पत्र रवाना. कार्यकारी अभियंता.

तिने ओठ न हलवता पुन्हा वाचलं. पत्र शनिवारी रवाना. शनिवार-रविवार पंचायतीला सुट्टी, सोमवारी पौर्णिमेची सुट्टी. पत्र मंगळवारी फुटणार. 'पूर्वतीर' मोहटोल्यात नऊच्या बसने येतो. आणि मोहटोला धरणाखाली दोन किलोमीटरवर.

एवढंच असतं तरी चाललं असतं. उन्हाळ्यात पहाटे नदीत कोण असतं? पण जागृतीने आदल्या संध्याकाळी शीलाताईंचं प्रसारण ऐकलं होतं आणि स्वतःच्या हाताने 'धार्मिक, स्थानिक' असा शेरा मारून 'सोडा'त टाकलं होतं. "उद्या पहाटे साडेपाचले सगळ्यायनं पांढरे कपडे घालून वाळूत जमाचं. दरसालप्रमाणं. पोट्ट्यायले संग आना. वंदना झाल्यावर खीर हाये." विहार लहान होता, वस्ती मोठी. म्हणून पौर्णिमेची पहाटेची वंदना नदीच्या वाळूत व्हायची, आणि विहारातून तीनशे फूट वायर ओढून शीलाताई ती रेडिओवर लावायच्या.

पेपरवाल्यांना वंदना माहीत नव्हती. वस्तीला सूचना माहीत नव्हती. दोन्ही गोष्टी अख्ख्या जगात एकाच माणसाला माहीत होत्या, आणि ते माणूस तेरा हजार किलोमीटरवर एका बंद खोलीत बसलं होतं. 

"नरेंद्र," ती उठूनच बोलली, "इकडे या. प्लीज, लगेच."

त्यांनी सूचना वाचली, तिचं सांगणं ऐकलं. त्यांचाही चेहरा उतरला. "किती लोक असतील?"

"दीडशे. मुलंच चाळीसच्या वर. विहाराच्या वर्गातली."

"वेळ?"

"तिथे आता पाच बत्तीस. सहाला गेट उघडणार. सव्वासहापर्यंत पाणी वाळूत येईल."

"ठीक आहे. यासाठी प्रोसेस आहे. जिवाला धोका असेल तर आपण वर अर्जंट फ्लॅश पाठवू शकतो. ते व्हेरिफाय करतील, मग दिल्लीला कळवतील, दिल्ली मुंबईला."

"किती वेळ लागेल?"

नरेंद्र खोटं बोलणारे नव्हते. "एरवी दोन तास. आज इकडे संडे आहे. तिकडे हॉलिडे."

"म्हणजे बैल गेला नि झोपा केला," जागृती म्हणाली. "मी फोन करते."

"जागृती." त्यांनी आवाज खाली आणला. "तू तो नंबर फिरवलास, की मला लिहावं लागेल. मी लिहीनच. तुझा क्लिअरन्स त्याच मिनिटाला गेला. पुन्हा कुठल्याच सरकारी दारात उभं करणार नाहीत तुला. आणि ती बाई ऐकेल कशावरून? मागच्या वर्षी काय झालं, तूच लिहून दिलंयस."

तेच तर होतं. मागच्या वर्षी याच दिवशी वस्तीला फोन आला होता, तहसीलमधून बोलतोय, नदीत जमायला बंदी आहे, गाडी निघाली आहे. घाबरून सगळे परत फिरले. मागाहून कळलं, तहसीलमधून कुणीच फोन केला नव्हता. वाळूतली वंदना ज्यांच्या डोळ्यांत सलते, त्या गावातल्याच चार जणांचा तो उद्योग. त्या संध्याकाळी शीलाताई रेडिओवर रागाने थरथरत बोलल्या होत्या, की पुढल्या साली कोनाचाही फोन येवो, कलेक्टरचा येवो, आमी हालनार नाई. जागृतीनेच ते इंग्रजीत उतरवलं होतं, आणि उतरवताना तिला मनातून अभिमान वाटला होता. आता त्याच वाक्याची तिला भीती वाटत होती.

"तुम्ही फ्लॅश पाठवा," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली. तिला नोकरीचं काही वाटलं नाही असं नाही. चौदा महिन्यांची चौकशी, आईला अभिमानाने सांगितलेलं ते 'सरकारी', सगळं त्या आठ पावलांत आठवलं. पण पाय थांबले नाहीत.

लॉकरमधून मोबाइल काढून तिने आधी सूचनेखालचा, निघताना तळहातावर उतरवून घेतलेला अभियंत्याच्या कार्यालयाचा नंबर लावला. सुट्टीच्या पहाटे रिकाम्या कार्यालयात घंटा वाजत राहिली. भारतातला आणीबाणीचा नंबर अमेरिकेतून लागत नाही, हे तिला आणखी एक मिनिट वाया घालवल्यावर कळलं. मग तिने तो पाठ असलेला नंबर फिरवला.

मागे जाड दार लागता लागता थांबलं. अनिकाने त्यात पाय घातला होता. दार उघडं ठेवणं हाही या इमारतीत गुन्हाच. "मी स्पीकर ऑन केलाय," अनिका म्हणाली. "यू शुड हिअर इट, मावशी."

आतून पहाटेची वंदना ऐकू येऊ लागली. दीडशे माणसांचा एकसुरी आवाज, मध्येच लहान मुलांचा पुढे पळणारा. इंटरनेटवरून येताना प्रसारण वीस सेकंद मागे राहायचं. म्हणून जागृतीच्या कानात घंटा वाजून गेली, कट झाली, आणि मग वीस सेकंदांनी स्पीकरवर वंदनेत तीच घंटा वाजली आणि थांबली. शीलाताईंनी फोन कापला होता.

पुन्हा. पुन्हा कापला. परदेशी नंबर, पहाटेची वेळ, वंदना चालू. कोण उचलेल? तिसऱ्यांदा घंटा पूर्ण वाजून बंद पडली. अनिका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "फाइव्ह फोर्टी-टू देअर."

"उचला ना ताई," जागृती फोनला म्हणाली. "उचला हो."

पाचव्या वेळी वंदनेचा एक भाग संपला होता. फोन उचलला गेला आणि सवयीने स्पीकरवर पडला. तोच आवाज, तीन वर्षं कानात राहिलेला, पहिल्यांदाच तिच्याशी बोलणारा.

"कोन बोलते? वंदना चालू हाये, समजत नाई काय?"

"शीलाताई, जयभीम. माझं ऐका. सगळ्यांना वाळूतून बाहेर काढा. सहा वाजता धरणाचं पाणी सोडणार आहेत."

 पलीकडून एक कोरडं हसू आलं. "आलाच काय फोन? मी म्हनतच होती, अजून कसा नाई आला. औंदा बाईले बसवलं काय फोनवर?"

"ताई, पेपरात आलंय. 'पूर्वतीर', पान सात. भोंगा बिघडला आहे, तो वाजणार नाही."

"पेपर नऊच्या बसनं येते. तुमाले पहाटे कुठून भेटला? कुठून बोलता तुमी?"

तहसीलमधून म्हणावं तर मागच्या वर्षीचं तेच खोटं. नागपूरहून म्हणावं तर नंबर परदेशी. एकही थाप चालण्यासारखी नव्हती. जागृतीने डोळे मिटले. आता तोंडातून निघणारं वाक्य माइकवर जाणार, आणि मागे आपल्याच खोलीतलं यंत्र ते टिपून ठेवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी अमेरिकेतून बोलते. इथल्या सरकारी ऑफिसातून. तुमचा रेडिओ ऐकणं हे माझं काम आहे. तीन वर्षं मी रोज ऐकते आणि लिहून देते."

"आमचा रेडिओ?" शीलाताईंचा आवाज एकदम थंड झाला. "आमचा बकऱ्यायचा रेडिओ अमेरिका कायले ऐकते? कोनाले येड्यात काढून रायल्या तुमी?"

मागून कुणीतरी पुरुष ओरडला, ठेव तो फोन, वेळ होऊन रायला. वायर खरखरली. जागृतीला कळलं, की आणखी दोन श्वासांत फोन जाणार. आणि घाबरलेल्या माणसाची खरी बोली वर येते, तशी तिची आली.

"ताई, ठेवू नका! तुमचे बाबा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी टँकरची वेळ सांगून रायल्या होत्या. नऊ ऑगस्ट. शाळेपाशी सात वाजता म्हनलं, आन थांबल्या. चाळीस सेकंद काईच नाई. मग म्हनलं, माफ करा, लाइट गेली होती. लाइट नव्हती गेली, ताई. तुमच्या खोलीतला पंखा चालू होता. मले आवाज येत होता. तुमी रडत होत्या. मी नोंदीत तांत्रिक बिघाड लिहिलं. खरं कोनाले नाई सांगतलं."

स्पीकरवर अजून वीस सेकंदांपूर्वीचं भांडण चालू होतं. फोनवर मात्र फक्त श्वास ऐकू येत होता.

"पंखा," शीलाताई हळूच म्हणाल्या.

"हाव. टकटक वाजते तो. ताई, पावनेसहा होऊन गेले. पोट्टे बाहेर काढा."

फोन माइकवरून हलला नव्हता, म्हणून पुढची किंकाळी दोन वेळा ऐकू आली, आधी कानात आणि मग खोलीत. "उठा! पोट्टे उचला! खीर राहू द्या तिथंच! वरती चढा, विहारात, पळा!" कुणी हुज्जत घातली असावी, कारण त्या आणखी मोठ्याने ओरडल्या, "मी सांगून रायली ना! माह्या बापाची आन हाये!" मग फोन वाळूत पडल्यासारखा धप्प आवाज आला आणि लाइन गेली.

जागृती लॉकरला टेकून उभी राहिली.  नरेंद्र आतल्या टेबलावरून उठून कधी दारापाशी आले होते, कळलं नाही.  अनिकाचा पाय अजून दारात होता आणि त्यांनी तो काढायला सांगितला नाही.

माइक वाळूतच राहिला होता. पायांचा आवाज, रडणारं मूल, भांड्यावर भांडं, मग दूर जाणारी माणसं. मग बराच वेळ नुसती सकाळ, पाखरं. पाच अठ्ठावन्न. सहा. सहा चार. जागृतीच्या मनात एक भलताच विचार आला, की पाणी आलंच नाही तर? सूचना असतात, पाणी नसतं, हे सरकारी खात्यात नवं नाही. मग शीलाताई पुन्हा कधी कुणाचं ऐकतील? अन् दुसऱ्याच क्षणी तिने स्वतःला मनात शिव्या घातल्या. सहा अकराला पाखरं एकाएकी गप्प झाली. आधी दळणासारखी घरघर आली, ती वाढत गेली, आणि मग एकच दणका. स्पीकर मुका झाला.

"ओ गॉड," अनिका म्हणाली.

पुढची चौदा मिनिटं कशी गेली, ते जागृतीला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं, की तिने नंबर पुन्हा लावला नाही. मोबाइल बहुधा नदीत असणार, आणि बाई असेल का, हा प्रश्न विचारायचा धीर नव्हता.

सहा पंचवीसला खोलीतला जुना माइक खरखरला. आधी आली ती पंख्याची टकटक. मग शीलाताई, धापा टाकत. त्या बातमी सांगत नव्हत्या. त्या हजेरी घेत होत्या. विहाराच्या वर्गाची वही समोर धरून एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागे दारातून, खिडकीतून, अंगणातून एक आवाज. हाये. हाये. हाये. जागृती बोटांवर मोजत होती. छत्तीस, सदतीस. "भावना." उत्तर नाही. "भावना? भावना कुठं हाये वो?" बाहेर गलका झाला. एका बाईने नाव घेऊन टाहो फोडला. जागृतीने अनिकाचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी मनगटात रुतली. मग एक चिडलेली बारीक आवाजाची पोरगी माइकच्या अगदी जवळ म्हणाली, "मी इथंच तं हाये. टेबलाखाली." शीलाताई हसल्या की रडल्या, ते समजण्यासारखं नव्हतं. एकेचाळीसपैकी एकेचाळीस झाले.

"खीर गेली," त्या शेवटी म्हणाल्या. "माइक गेला. मोबाइल गेला. सतरंज्या गेल्या. मानूस एक नाई गेला." थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. "अमेरिकेच्या बाई, ऐकत असान तं ऐका. सगळे हायेत."

जागृती दारातच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

नरेंद्रनी तिला पाणी दिलं. मग आपल्या टेबलावर जाऊन जे लिहायचं ते लिहिलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता आणि चेहरा ओढलेला होता. "पाळी संपली की बॅज दे. आणखी एक आहे. हे रेकॉर्डिंग आता पाठवावं लागेल. पूर्ण भाषांतर करून. रिपोर्ट मी लिहिला, म्हणून भाषांतर मला करता येत नाही, आणि मराठीच्या टेबलावर तू एकटीच आहेस."

"म्हणजे माझा गुन्हा मीच उतरवून द्यायचा?"

"पाळी संपायला अजून वेळ आहे," नरेंद्र म्हणाले आणि खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघत राहिले. "मी ते दोनदा ऐकलं, जागृती. हजेरी ऐकून जीव भांड्यात पडला. बाकीचं माझ्या कानावर पडलं नसतं, तर मला लिहावं लागलं नसतं."

ती शेवटची टेबलापाशी बसली. पेन डाव्या खणात, हेडफोनचा स्पंज फाटलेला, सगळं रोजचंच. प्रसारणातला प्रत्येक शब्द तिने इंग्रजीत उतरवला, स्वतःचाही. फॉर्ममध्ये रकाना होता, बोलणाऱ्याची ओळख. अनोळखी स्त्री असं लिहिता आलं असतं. तिने पूर्ण नाव लिहिलं, गाव अर्विंग. मग खणातली जुनी वही काढून तिने नऊ ऑगस्टच्या नोंदीचा क्रमांक शोधला आणि दुरुस्तीच्या फॉर्मवर लिहिलं, की तांत्रिक बिघाड हे चूक होतं, निवेदिका वडिलांच्या निधनामुळे चाळीस सेकंद बोलू शकली नाही. ही दुरुस्ती वर कुणीही वाचणार नव्हतं. तरी तिने ती सहीनिशी पाठवली.

नोकरी गेल्याचं पत्र बुधवारी आलं. ईश्वरने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "चल, आता मलाच दिवसभर ऐकत बस." मग त्याने तिला जवळ घेतलं आणि तो चहा करायला गेला.

मोहटोल्याचा रेडिओ मंगळवारपासून लागत नव्हता. जागृती दर संध्याकाळी लावून बघायची, नुसती शांतता. शुक्रवारी तिने तो नंबर फिरवला. आता तिला कोण अडवणार होतं? मोबाइल वाहून गेला तरी नंबर तोच राहिला असेल, या आशेवर. चौथ्या घंटेला उचलला.

"कोन?"

"जागृती बोलते, ताई. अमेरिकेहून."

"बाई," शीलाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उजळला. "म्हनलं, कधी करते फोन. नाव तं सांगतलंच नव्हतं तुमी."

"रेडिओ का बंद आहे?"

"चौकशी लागली. चार जन आले होते गाडी घेऊन. विचारे, अमेरिकेतली बाई कोन, तुमचा रेडिओ कायले ऐकते, तुमी काय पुरवता तिले. म्हनलं, टँकरची वेळ पुरवतो. त्यायले हसू नाई आलं. चौकशी होईस्तोवर बंद ठेवा म्हने."

 "माझ्यामुळे झालं हे. मी तुमचं नाव, तुमचा रेडिओ सगळं त्या एका फोनमध्ये..."

"थांबा. भावनाची माय रोज माह्या घरी येऊन बसते. काई बोलत नाई, नुसती बसते. रेडिओ होईन चालू, नाई झाला तं पोंगा घेऊन गल्लीत फिरीन. तुमची नोकरी?"

"गेली."

"मले वाटलंच." पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. पंख्याची टकटक चालू होती. "मंग असं करा. तीन साल तुमी ऐकलं, मी बोलली. आज रेडिओ बंद हाये, मले काई काम नाई. तुमी बोला. मी ऐकते."

जागृतीने तोंड उघडलं. सांगण्यासारखं किती होतं. आईला अजून नोकरीचं कळवलं नाही, हजेरी रोज स्वप्नात येते, स्वप्नात एक आवाज कमी येतो. रोज दुसऱ्यांचे शब्द उतरवायची सवय लागलेल्या बाईला स्वतःचा एक शब्द सापडेना. खिडकीबाहेर टेक्ससचं ऊन भिंतीवर चढलं होतं. ती फोन कानाला लावून बसून राहिली आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना.

शीलाताईंनी फोन ठेवला नाही. हॅलो हॅलो केलं नाही. त्या थांबल्या, पुष्कळ थांबल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "लाइट गेली काय, बाई?"

"हाव," जागृती म्हणाली. "लाइट गेली."

"जाते कधी कधी," शीलाताई म्हणाल्या. "मी हाये इथं."